तीन उदाहरणांची सिद्धता

बिराप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो शिवीचा. साताऱ्यात आमच्या शाळेच्या शिक्षक-खोलीत होतो. समोर डबा खात बसलेल्या दोघी शिक्षिका दचकल्या. दोन महिने होत आले, पण त्या शिवीचं मला वाईट वाटत नाही. गेलेल्या माणसाविषयी चांगलं बोलावं म्हणतात. बोलेन की. पण राग अजून गेलेला नाही, आणि तो लपवून लिहायला मला जमणार नाही.

बी.एड.ला आम्ही एका खोलीत राहिलो. तो जतकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. गणिताचं वेड दोघांनाही होतं, पण त्याचं जरा तिरकं. गणित सोडवण्यापेक्षा ते सुटूच शकत नाही हे दाखवण्यात त्याला जास्त गोडी. पुढे कवठे महांकाळला शाळेत लागला आणि दर रविवारी वाडीवरच्या घराच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, काळ्या रंगवलेल्या भिंतीवर, येईल त्याला शिकवू लागला. मी गेलो की मलाही खाली पोरांच्यात बसवायचा. एकदा त्याने विचारलं, अशा दोन पूर्ण संख्या शोधा की पहिलीचा वर्ग हा दुसरीच्या वर्गाच्या पाचपटीहून बरोबर दोनने जास्त असेल. पोरं तासभर आकडेमोड करत होती. शेवटी आठवीतली एक मुलगी वैतागून म्हणाली, "सर, पन्नासपर्यंत बघितलं, न्हाई येत."

"मग एक्कावन्न काय मेलंय व्हय?" बिराप्पा म्हणाला. "लाखापर्यंत जा, कोटीपर्यंत जा, फुडचा आकडा हायच. न बघता सांगता आलं पायजे."

मग त्याने सगळ्यांना पाचाने भागायला लावलं. पाचपटीचा भाग निःशेष जातो, म्हणजे पहिल्या वर्गाला पाचाने भागलं की बाकी दोन उरली पाहिजे. आणि कुठल्याही पूर्ण संख्येचा वर्ग घ्या, पाचाने भागला की बाकी शून्य, एक किंवा चार. दोन कधीच नाही. झालं, अशी जोडी सगळ्या दुनियेत नाही... त्या मुलीचा चेहरा मला आठवतो. पन्नास वेळा हरल्याचा शीण एका ओळीत उतरला होता.

हा असला मास्तर. आणि गेल्या वर्षी त्याच्या हृदयाची झडप बिघडली. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून घ्या, आत्ता केलं तर जमण्यासारखं आहे. बिराप्पा उठून घरी आला. कळल्यावर मी तडक वाडीवर गेलो. चार पावलं चालला की धाप लागत होती, पण बोलणं तसंच ठाम.

"आमच्या वाडीतनं तिघं गेली रं मिरजेला. तिघं बी ॲम्ब्युलन्समधनं झाकून आली. ह्याला उत्तर न्हाई."

"तिघं?" माझा आवाज चढला. "आरं, तीन उदाहरणं म्हंजे सिद्धता झाली का? एक ऐंशीचा, एकाला साखर, एकाला नेलंच उशिरा. तिघांच्यात एकसारखं काय हुतं ते तरी बघितलंस का?"

"माणूस म्हंजे गणित न्हवं, गड्या."

"मग उत्तर न्हाई असं कशाच्या जोरावर म्हणतोस?"

तो हसला आणि त्याने चहाचं विचारलं. सोप्यात बसलेले भावकीतले चौघे मान डोलवत होते, मास्तरांचं खरं हाय म्हणून. मास्तर शिकलेला, म्हणजे त्याची भीतीसुद्धा शिकलेली असणार, असा त्यांचा हिशेब. त्यांचाही मला राग आला, आजही येतो. घाबरलोय असं तो म्हणाला असता तर मी त्याचा हात धरून बसलो असतो. पण त्याने भीतीला सिद्धतेचे कपडे घातले, आणि जी चूक तो आठवीच्या पोरीला करू देत नव्हता ती स्वतःच्या जिवावर केली. शोकसभेत एकजण म्हणाला, मरण कुणाला चुकलंय. मी उठून बाहेर आलो.

परवा वाडीवर गेलो होतो. रेणुकावहिनी, बिराप्पाची बायको, सोप्यात भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. भिंतीवरचं पुसलेलं होतं, खडू खाली वाटीत तसेच.

"भाऊजी, आपरेशन केलं असतं तर वाचलं असतं का वो हे?"

नसता वाचला म्हणालो असतो तर त्यांना बरं वाटलं असतं. वाचला असता म्हणणं क्रूर होतं. आणि दोन्हीपैकी एकही मला सिद्ध करता येत नव्हतं.

"माहीत नाही, वहिनी. कुणालाच माहीत नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मग ह्यांस्नी कसं ठावं हुतं?"