लातूरला गेलेली डॉक्टरीण

मला लातूरच्या गाडीत बसवायला गावातली आमची अर्धी गल्ली जामखेडच्या एसटी स्टँडवर आली होती. शेजारच्या कौसाकाकूंनी भर फलाटावर मला कुंकू लावलं, हातात नारळ दिला, शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा पिशवीत कोंबला आणि ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना सांगून टाकलं, "आमची रुतू डॉक्टर व्हायाला चालली. आता गल्लीतच दवाखाना व्हनार बगा." कंडक्टरनेसुद्धा मला पुढची सीट दिली. आई पदर तोंडाला लावून रडत होती, आणि लोकांना वाटत होतं की पोरगी लांब चालली म्हणून रडते आहे. आण्णा, म्हणजे माझे वडील, बॅग वर ठेवून खाली उतरले ते गाडी हलेपर्यंत टायरकडे बघत राहिले. मी मेडिकल कॉलेजात चाललेलीच नाही, क्लास लावून प्रवेशपरीक्षा पुन्हा द्यायला चालले आहे, हे त्या गर्दीत फक्त आम्हा तिघांना माहीत होतं.

हे असं कसं झालं ते तुम्हा होस्टेलच्या मुलींना सांगते, कारण शहरात हे सांगितलं की लोकांना खोटं वाटतं. बारावीनंतर नीटचा निकाल लागला आणि मोबाईलवर 'क्वालिफाइड' अशी अक्षरं आली. पात्र होणं म्हणजे नुसतं रांगेत उभं राहायला मिळणं, सरकारी कॉलेजातली जागा त्याच्या कितीतरी पुढे असते. हे मला कळत होतं, माझ्या चुलतभावाला कळत नव्हतं. त्याने स्क्रीनचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला. आमच्याकडे परीक्षेला दोनच गोष्टी होतात, माणूस पास होतो नाहीतर नापास. डॉक्टरकीच्या परीक्षेत पास झालेली पोरगी डॉक्टर नाही होणार तर काय कंडक्टर होणार? संध्याकाळी चौकात माझा फ्लेक्स लागला, दुसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळापुढे सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा, सगळं. मी सकाळीच आण्णांना म्हणाले होते, अजून नंबर लागायचा आहे. ते म्हणाले, "लागंल की. येवढी मान्सं काय येडी हायेत व्हय?"

नंबर लागला नाही. प्रवेशाची एकेक फेरी संपत गेली, माझं नाव कुठेच आलं नाही, आणि फ्लेक्स मात्र वाऱ्याने फाटायचंही नाव घेईना. तेव्हा आण्णांनी गोठ्यात गाईपुढे कडबा टाकता टाकता माझ्याकडे न बघता ठरवून टाकलं, "एक वरीस हाय. गुमान काढ. पुढल्या साली लागला नंबर की मंग कोन इचारतंय?" त्यांचा मला राग आला नाही, खरं सांगते. कुठेही पुढे न बसणारा माझा बाप त्या सत्काराला पहिल्या रांगेत बसला होता. तिथून त्याला उठवायचं कसं, हे मलाही सुचत नव्हतं.

लातूर शहर वाईट नाही. माझ्यासारख्या, परीक्षेसाठी वर्षाचा 'ड्रॉप' घेतलेल्या पोरांनी ते भरलेलं आहे. कुठल्याही टपरीवर उभं राहा, शेजारचा पोरगा चहा पितापिता पेशीचे भाग पाठ करत असतो. आमच्या होस्टेलच्या खोलीत चार कॉट, खिडकीला जाळी, आणि जाळीपलीकडे दुसऱ्या होस्टेलची खिडकी. सकाळी क्लास, दुपारी अभ्यासिका, म्हणजे प्लायवूडच्या दोन फळ्यांमध्ये टाकलेली एक खुर्ची. मान वळवली तरी फळीच दिसायची. आमच्या बॅचला रिपीटर बॅच म्हणत. रिपीटर हा शब्द तिथे कुणाला लागत नसे, सगळेच रिपीटर. मला मात्र तो ऐकून घेता येत होता, तोंडातून काढता येत नव्हता.

माझ्या खोलीत परभणीची निकिता होती. दर रविवारी मोबाईल हातात मिळाला की ती आईजवळ भोकाड पसरायची. "मम्मी, टेस्टमध्ये परत कमी पडले गं." मग तिची मम्मी तिला झापायची, मग दोघी हसायच्या. मला तिचा इतका हेवा वाटायचा की मी उठून बाथरूममध्ये जाऊन बसे. माझा रविवार वेगळा होता. आई फोन उचलायची आणि आधीच कुणीतरी शेजारी बसलेलं असायचं. "घे, तात्याला तुज्याशी बोलायचंय." मग कुणाचे गुडघे, कुणाची शुगर, कुणाच्या सुनेला दिवस राहात नाहीत. मी खालच्या आवाजात म्हणायचे, "जामखेडला दाखवून घ्या." पलीकडून कौतुक व्हायचं, बघा, किती तोलून बोलते, डॉक्टर असंच बोलत्यात! चुलतभाऊ तर पांढऱ्या एप्रनमधला फोटो टाक म्हणून मागे लागला होता. मी त्याला नेट नाही म्हणून सांगायचे.

दिवाळीला आण्णा म्हणाले, "येऊ नको. लोक इचारत्यात." आईने फराळाचं पार्सल एसटीने पाठवलं. होस्टेल ओस पडलं होतं, मी कॉटवर बसून एकटीने चकल्या खाल्ल्या. मुलींनो, तुम्ही सगळ्या घरापासून लांब राहिल्यात, तुम्हाला घराची आठवण आली असेल. मला घरी यायची बंदी होती, आणि ती माझ्याच यशाने घातली होती. त्या दिवशी मी हसले होते की रडले होते, आता नक्की सांगता येत नाही.

शेवटी संक्रांतीला गेलेच. आईच हट्ट करून बसली होती. गेल्या गेल्या दारात चपलांचा ढीग, आत माणसं रिपोर्ट घेऊन बसलेली. मी चहा देत, हसत, टाळत निभावून नेत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी कौसाकाकू आल्या त्या भिंतीला धरून. कपाळावर घाम, आणि ती सकाळ चांगली गारठ्याची. छातीत जळजळ होते, डावा हात जड झालाय म्हणाल्या. मागे त्यांचा मुलगा जीपची चावी घेऊन उभा, रडकुंडीला आलेला. "रुतूताई, तूच सांग हिला. दवाखान्यात चल म्हनतोय तर ऐकंना."

"घरात डॉक्टर आस्ताना जामखेडला कशाला मरायला जाऊ?" असं म्हणत काकू माझ्या आईच्या कॉटवर बसल्या आणि मनगट माझ्यापुढे केलं. "बग गं बाळा. तू गोळी दे, मी घेते."

मी ते मनगट हातात घेतलं. हृदयाचं प्रकरण मला तोंडपाठ होतं, कुठली झडप कुठे, कुठली नलिका कुठे. पण त्या हातात काय चाललंय हे मला कळत नव्हतं. दारात आण्णा उभे होते. ते मान हलवत होते, मला नको म्हणत होते की नुसते घाबरले होते, कोण जाणे. मी म्हणाले, "काकू, मी डॉक्टर नाही. मला कॉलेजात जागाच मिळाली नाही. मी लातूरला नुसती क्लासला आहे. मला काही कळत नाही, तुम्ही आत्ताच्या आत्ता उठा."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. "मंग समद्यांनी सत्कार कशाचा केल्ता?" त्यांनी खरंच विचारलं, टोमणा नव्हता तो. मुलाने त्यांना उचलूनच जीपमध्ये घातलं. जामखेडहून त्यांना नगरला हलवलं. हृदयाचाच त्रास निघाला. काकू वाचल्या. पण ते मला पुढे फोनवर कळलं, कारण आण्णांनी मला त्याच दुपारी परत लातूरच्या गाडीत बसवलं. स्टँडवर आम्ही दोघेच होतो.

खरं बोलल्यावर मोकळं वाटतं असं म्हणतात. मला नाही वाटलं. आधी माझ्यावर खोट्याचं ओझं होतं, आता उघडं पडल्याचं आलं. रविवारचे फोन एकदम शांत झाले, गुडघे नाहीत, शुगर नाही. आई चार वाक्यं बोलायची आणि आण्णा कुठे आहेत विचारलं की म्हणायची, "रानात." प्रत्येक रविवारी ते रानातच असायचे. मी त्या फळ्यांमध्ये बसून एकच विचार करत होते की आता नंबर लागलाच पाहिजे, नाहीतर मी घरी कुठल्या तोंडाने जाऊ?

नंबर नाही लागला. मार्क वाढले, पण पुरे पडले नाहीत.

आता मी पुण्यात लॅब टेक्निशियनचा कोर्स करते. सकाळी कॉलेज, दुपारनंतर एका लॅबमध्ये लोकांचं रक्त घेते. हात हलका आहे म्हणतात. तरी अजून कुणी "बारावीनंतर एक वर्ष काय केलं?" असं सहज विचारलं, की ऐकणाऱ्यात आमच्या गावचं कोणी आहे का हे डोळे आधी बघून घेतात. ते वर्ष संपलं असं मला अजून म्हणता येत नाही. तुमच्यापैकी ज्या अशा अडकून राहिल्यात, त्यांना मी धीर देणार नाही, कारण तो माझ्याकडेच पुरेसा नाही. घर म्हणजे काय ते मात्र मला माहीत आहे. दुसऱ्या निकालानंतर आण्णा मला न्यायला स्वतः लातूरला आले होते. गावात उतरलो ती धारांची वेळ, त्यामुळे डेअरीपुढे किटल्या घेऊन माणसं उभी होती. मी ओढणी डोक्यावर ओढून घेतली आणि आण्णांच्या पाठीआड झाले. दूध मोजणारा मोठ्याने म्हणाला, "काय आण्णा, डॉक्टरीणबाई आल्या का?" दोघंतिघं हसले. आण्णा थांबले. माझी बॅग त्यांनी या हातातून त्या हातात घेतली आणि मला दंडाला धरून पाठीमागून पुढे, सगळ्यांसमोर उभं केलं.

"डॉक्टर न्हाई आली," ते म्हणाले. "रुतू आली."