सोमवारची चाचणी

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत धम्मपालला उजवीकडून हाक मारून उपयोग नाही; त्या कानाने तो ठार बहिरा आहे. कॉम्प्युटर दुरुस्तीत त्याच्याइतका हट्टी माणूस शोधून सापडायचा नाही. भर दुपारी, सगळी यंत्रं धडधडत असतानाच तपासणार. सुट्टीच्या दिवशी बोलावलं, की पिशवी उचलून चालू लागणार.

अठ्ठ्याण्णव साली मात्र तो सोमवारीच तपासायचा. सोमवारी वसाहत बंद, कुणाची कटकट नाही. शांतिनाथशेठच्या कारखान्यातला कॉम्प्युटर लेथला, म्हणजे लोखंड कातणाऱ्या यंत्राला, मापांचे आकडे पुरवायचा. तो रेंगाळतो म्हणून शेठची कुरकुर होती. धम्मपालने त्याचा वेग तीनशे मेगाहर्ट्झवरून साडेचारशेवर ताणला. मेमरीला तो झेपतो का, हे बघायला फ्लॉपी घालून सहा तास चाचणी चालवली. एकही चूक निघाली नाही, आणि पठ्ठ्या हवेत गेला.

दोन दिवस निभावलं. गुरुवारी दुपारी लेथला एक आकडा चुकीचा गेला. कातायचं हत्यार लोखंड धरून फिरणाऱ्या चकात घुसून फुटलं आणि तुकडा लेथ चालवणाऱ्या ज्योतिबाच्या डोळ्यात शिरला. भिंतीवर रक्त उडालं. डोळा जागीच गेला.

तासाभरात ज्योतिबाचा भाऊ नाथाजी पान्हा घेऊन आला. विचारपूस न करता त्याने तो धम्मपालच्या उजव्या कानशिलात हाणला, पडल्यावर लाथांनी तुडवला. चौघांनी ओढलं तेव्हा कुठे सुटका झाली. शेठ म्हणाले, चाचणी झालीय, आकडा ज्योतिबानेच चुकीचा घातला असणार. त्याला कामावरून काढतो.

गप्प बसला असता तर धम्मपाल सुटला असता. पण त्याला अन्न गोड लागेना. दुसऱ्या दिवशी कानाला पट्टी बांधून तो दुपारी दोन वाजता कारखान्यात आला आणि यंत्रं चालू असतानाच तीच चाचणी लावली. छताचा पत्रा तापलेला, शेजारचा लोखंड ठोकणारा प्रेस आदळला की वीज कमी पडून दिवे मंदावत होते. अकराव्या मिनिटाला पडदा चुकांनी भरला. वेग पुन्हा तीनशेवर आणला, तर एकही चूक नाही. कामाच्या दिवशी तपासायचं त्याला सुचलंच नव्हतं. स्वतःचीच किळस आली.

वेग पुन्हा चढवून त्याने शेठ आणि नाथाजीला बोलावलं. पडदा दाखवला.

"तुजा भाऊ चुकला न्हाई. डोळा माज्यामुळं गेला. मार मला."

नाथाजीने पान्हा उगारला आणि पडद्यावर घातला. काचा फुटल्या, त्याचाच हात रक्ताळला. पुन्हा घातला, पुन्हा घातला. मग तो खाली बसला.

"मारून डोळा येतोय व्हय रं?"

ज्योतिबाची नोकरी टिकली.