खताला पाय नसतात

सोमाजीभाऊ माती चाखत. आलापल्लीकडच्या एका गावात मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला शिसारीच आली. आठवड्यापूर्वी त्यांनी धानाच्या बांधीतल्या, म्हणजे बांध घातलेल्या वावराच्या तुकड्यातल्या, चिखलात मिठाचा खडा पुरला होता. आता त्या जागेपासून एक बोट, दोन बोटं असं मोजत ते चिखल जिभेला लावत होते. "मीठ चार बोटं चाललं," म्हणाले, आणि थुंकून मोकळे झाले.

मी कृषी महाविद्यालयातून नुकताच आलेला अधिकारी. ते माझ्या हाताखालचे शेती कामदार, वयानं दुप्पट, शिक्षण चौथी. त्या वर्षांत जपानी भातशेतीचं वारं होतं. पांढरं खत चिखलात मळून गोळ्या करायच्या आणि रोवणी झाली की धानाच्या मुळांजवळ दाबायच्या. लोकांना वाटे, या खतानं जमीन जळते. भाऊ समजावत, "खताले पाय नाई राहत. पाण्याच्या आंगानं कणाकणानं सरकते. सुक्या मातीत बसल्या जागी बसून राह्यते."

कुणी बांधी देईना. शेवटी एकट्या राहणाऱ्या पारबताबाईंनी दिली. "माह्या पोटाले एवढीच हाये, भाऊ. पाहून करजा," एवढंच त्या म्हणाल्या. मिठाइतकंच खतही चालेल या हिशेबानं, मुळं जळायला नकोत म्हणून, भाऊंनी गोळ्या धानापासून चार बोटांवर दाबल्या.

तीन आठवड्यांनी शेजारचं शेणखतावरचं धान गर्द हिरवं आणि नुसत्या गोळ्यांवरचं बाईंचं पिवळं. वरून साहेब पाहणीला यायचे होते. मी कागद काढला आणि मोठ्यानं म्हणत लिहायला घेतलं की शेतकरीण बाईनं पाणी वेळेवर बांधलं नाही. खोटं होतं, पण सोपं होतं.

भाऊ तोवर बांधीत उकिडवे बसले होते. प्रत्येक गोळीवर बोटभर घेरात गवत हिरवंगार होतं, त्यापलीकडे काही नाही. त्यांनी एक गोळी उकरून पाहिली. मग म्हणाले, "माह्या गावची माती हलकी, सायब. तिथी मीठ न खत संगंच चाले. हे काळं कन्हार हाये, भारी चिकन माती. यानं मिठाले जाऊ देलं, खताले धरून ठेवलं. बाईच्या पाण्याचं ते लिहू नोका." मी ती ओळ खोडली.

भाऊ तसेच चिखलाच्या पायांनी पारबताबाईंच्या दारात गेले आणि चार माणसांदेखत म्हणाले, "बाई, चूक माही हाये. तुही नाई, पाण्याची नाई."

पुढचे चार दिवस त्यांनी वाकून एकेक गोळी उपसली आणि मुळांना लागून पुन्हा दाबली. दुसऱ्या दिवशी लाजेकाजेस्तव मीही धोतर खोचून उतरलो. धान हिरवं झालं. बाईंच्या वर्षाच्या पोटापुरतं पिकलं, पण आम्ही सांगितलं होतं तेवढं नाही.

उन्हाळ्यात आम्ही पुन्हा त्या गावात बैठक घेतली, तेव्हा लोक हसले. "यायनं मागच्या साली चूक केली," कुणीतरी म्हणालं. भाऊ मान खाली घालून बसले होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून पारबताबाई उठल्या.

"चूक केली हे तुमाले कोनं सांगतलं? त्यायनंच ना?" त्यांनी विचारलं. "मंग औंदाही माही बांधी त्यायच्याच हाती देईन."

भाऊंनी नुसते हात जोडले. आणि त्या प्रयोगाच्या अहवालाखाली नाव माझं असूनही, त्या बाईंनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.