बोनकोड्याच्या हळदीत आमचं नवं कुलूप

आमच्या व्हॅनमधलं सामान चोरीला गेलं ते भरदुपारी, तुर्भ्यात, वॉचमनच्या डोळ्यांदेखत. त्याला वाटलं, ती माणसं आमचीच आहेत. इतकी निवांत होती म्हणे, की एकाने त्याच्याकडे प्यायला पाणीसुद्धा मागितलं.

मी आणि माझा नवरा एसी दुरुस्तीचं काम करतो. गाडी मी चालवते, कारण रिव्हर्स घेताना त्याला घाम फुटतो. शिडीवर तो चढतो, कारण तिथे मला फुटतो. त्या दिवशी आम्ही वर एका ऑफिसात एसी धूत होतो. खाली आलो तर गाडीचं मागचं दार व्यवस्थित बंद. उघडलं तर आत ओरडलं की आवाज घुमावा इतकी मोकळी जागा. व्हॅक्युम पंप गेला, गेज गेले, ड्रिल गेलं, कॉपर पाइपची भेंडोळी गेली. आमचा जेवणाचा डबा तेवढा ठेवला होता. त्यातली जवसाची चटणी मात्र खाल्लेली होती.

"चटणी आवडली वाटतं," नवरा म्हणाला, आणि तिथेच फुटपाथवर बसला.

पोलीस चौकीत तक्रार लिहून घेणाऱ्या हवालदारांनी विचारलं, "मागच्या दाराला लॉक कुठलं होतं?"

"कंपनीचंच."

"ते दार वाऱ्याने उघडू नये म्हणून असतं, ताई," ते म्हणाले आणि पुन्हा लिहायला लागले.

नवीन हत्यारं हळूहळू जमवली. पण माझ्या मनाने जी धास्ती घेतली ती सुटेना. कुठेही कामाला गेलो की दर थोड्या वेळाने मी बाल्कनीत जाऊन खाली वाकून गाडी बघायची. उंचीची भीती असलेली मी, कठड्याला धरून, डोळे अर्धे मिटून. नेरूळच्या एका काकूंना वाटलं मला चक्कर येतेय. त्यांनी मला बळेच झोपवलं आणि लिंबू सरबत पाजलं. त्यांचा एसी नीट होईपर्यंत मी त्यांच्या दिवाणावर उशीला टेकून पडून होते. नवऱ्याने परत जाताना सांगितलं, "आता बास. आपण गाडीला असं कुलूप लावू, की आपल्यालापण उघडताना घाम फुटेल."

तुर्भ्यातच एक लॉकवाला भेटला. टेम्पो, पार्सलच्या गाड्या यांना कुलपं बसवायचा. मूळचा लातूरकडचा, अंगाने आडवा आणि स्वतःच्या धंद्यावर बेहद्द खूश. मागच्या दाराला त्याने आतल्या बाजूने जाड पोलादी बोल्ट असलेलं लॉक घातलं. दार आपटलं की ते आपोआप लागायचं, आणि उघडायचं फक्त बाहेरून, किल्लीने. बाजूचं दार त्याने वेल्ड करून कायमचंच बंद केलं. पुढची सीट आणि मागचं सामान यांच्यामध्ये आधी नुसती प्लायवूडची फळी होती. तिथे त्याने जाळीचा पत्रा वेल्ड केला, वाटाण्याएवढ्या भोकांचा. शिवाय डॅशबोर्डखाली एक चोर स्विच. तो दाबल्याशिवाय गाडी चालूच होत नाही.

"आपोआप लागणारं नको असेल तर साधं घालतो," तो म्हणाला.

"आपोआपच पाहिजे," नवरा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. "ही कमरेने दार ढकलते आणि पुढे निघून जाते."

खरं होतं ते. माझे हात कायम भरलेले असतात.

दोन किल्ल्या मिळाल्या. जाड मुठीच्या, वजनदार. एक नवऱ्याच्या खिशात गेली, दुसरी नेरूळला घरी, माझ्या सासूबाईंच्या कपाटात. त्यांनी ती हातात तोलून बघितली आणि विचारलं, "यात सोनं ठेवणार आहात का?"

पुढच्याच आठवड्यात बोनकोड्याहून फोन आला. लग्नघर होतं, दुसऱ्या दिवशी लग्न, त्या संध्याकाळी हळद. वरच्या मजल्यावरच्या हॉलमधला एसी गरम हवा फेकत होता आणि पाहुणे खोळंबले होते. आम्ही पोचलो तेव्हा गल्लीत मांडव पडलेला, बँडवाले ताशे तापवत बसलेले, बायका पाट्यावर हळद वाटत होत्या. मी गाडी मांडवाच्या सावलीला लावली. नवरा मागे चढून गॅसचा सिलिंडर काढायला लागला. त्याने मला पंप दिला, मी तो एका हाताने घेतला, दुसऱ्या हातात हत्यारांची पिशवी, आणि कमरेने दार ढकलून जिन्याकडे निघाले.

खट् असा फार सुंदर आवाज झाला.

मी जिन्याच्या पायरीवर थांबले. मागून, खूप लांबून आल्यासारखा, नवऱ्याचा आवाज आला. "ए. मी आत आहे."

"किल्ली?"

"खिशात."

"कुणाच्या?"

"माझ्या."

मी धावत पुढच्या सीटवर जाऊन जाळीला डोळा लावला. पलीकडून त्याचा डोळा दिसला. त्याने भोकातून किल्ली सरकवून बघितली. पातं बाहेर आलं, मूठ अडकली. मी बाहेरून ओढतेय, तो आतून ढकलतोय, आणि किल्लीचं ते टोक जीभ दाखवल्यासारखं तिथेच. मला हसू फुटलं. तो म्हणाला, "हसू नको, मला पण येतंय," आणि मग आम्ही दोघंही हसत सुटलो, जाळीच्या दोन बाजूंना, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

गाडीतून हसण्याचा आवाज येतोय म्हणून नवरदेवाची आजी आली. नऊवारीतली, हात कोपरापर्यंत पिवळे. "कोन हाय आतमदी?"

"माझा नवरा, आजी. कुलूप लागलं."

"सास घेता येतंय का त्याला?"

"येतंय. वर हवेची झडप आहे. आत पंखापण आहे त्याच्याकडे, बॅटरीवरचा."

"मंग बरा हाय," आजी म्हणाल्या, पण त्यांनी हाक मारून सगळं घर गोळा केलं.

आधी नवरदेवाचे काका आले, पाण्याच्या टँकरचा धंदा असलेले. त्यांनी जॅकचा रॉड फटीत घालून जोर लावला. रॉड वाकला. दाराने हूं की चूं केलं नाही. आतून नवऱ्याने विचारलं, "उघडलं?"

"नाही."

"थोडंतरी हललं का?"

"अजिबात नाही."

"वा," तो म्हणाला. इतका समाधानी आवाज मी त्याच्या तोंडून लग्नातही ऐकला नव्हता.

मग एकेक जण पुढे यायला लागला. कुणी पातळ पट्टी सरकवली, कुणी तार वाकवून आणली. ताशेवाल्याने खांद्याने धडक दिली आणि खांदा चोळत परत गेला. खुद्द नवरदेव मुंडावळ्या सावरत आला, त्यानेही कडी ओढून बघितली. प्रत्येक वेळी आतून तोच प्रश्न, बाहेरून तेच उत्तर, आणि प्रत्येक 'नाही'ला माझ्या छातीवरचा एकेक दगड उतरत होता. एवढी धडधाकट माणसं, दिवसाउजेडी, आमच्याच परवानगीने गाडी फोडू बघत होती आणि गाडी फुटत नव्हती. मला नाचावंसं वाटत होतं. मी बँडवाल्यांना म्हटलं, "तुम्ही का थांबलात? वाजवा की."

त्यांनी वाजवायला सुरुवात केली. गल्ली नाचायला लागली. आतून माझा नवरा पत्र्यावर ताल धरायला लागला, आणि खरं सांगते, ताशापेक्षा तो पत्राच जास्त घुमत होता.

लॉकवाल्याला फोन लावला तर तो गावी होता. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "उघडलं नाही ना?"

"नाही."

"मग मी कशाला येऊ? दुसरी किल्ली आणा." आणि फोनवरच खदखदून हसला.

सासूबाईंना आधीच फोन केला होता. त्या रिक्षाने निघाल्या होत्या, आणि दर सिग्नलला फोन करून विचारत होत्या, "त्याने काही खाल्लंय का?" आजींनी ते ऐकलं आणि तांदळाच्या भाकरीचे बारीक तुकडे करून जाळीतून आत सरकवायला बसल्या. वाटाण्याएवढे तुकडे. त्यांच्या हाताची हळद भाकरीला लागत होती. आतून आवाज आला, "आजी, कालवण नाही का?"

"भायेर ये, मंग देते."

रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली. सासूबाई किल्ली मुठीत घट्ट धरून गर्दीतून वाट काढत आल्या. वाटेत कुणीतरी त्यांच्या दोन्ही गालांना हळद फासली. त्या थांबल्या नाहीत. किल्ली घातली, फिरवली, आणि दार असं अलगद उघडलं, जसं काही झालंच नव्हतं. नवरा बाहेर आला, घामाने निथळलेला, हातात सिलिंडर तसाच. टाळ्या पडल्या. त्याने आईला वाकून नमस्कार केला, मग सरळ होऊन काकांना विचारलं, "एसी कुठे आहे?"

एसीत गॅसच कमी होता, भरला आणि चालू झाला. खाली आलो तेव्हा सासूबाई आजींच्या हातात हात घालून नाचत होत्या. घरी टीव्हीचा आवाज जरा मोठा केला तरी कपाळाला बाम लावणाऱ्या आमच्या सासूबाई. मी त्यांच्याजवळ गेले तर म्हणाल्या, "तू गाडीकडे बघ, मी येते." गाडीकडे कुणी बघायची गरजच उरली नव्हती, म्हणून मीही त्यांच्यात शिरले. नवरा भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण खात मांडवाच्या खांबाला टेकून आमच्याकडे बघत उभा होता. मग ताट बाजूला ठेवून तोही आला.

काकांनी निघताना लॉकवाल्याचा नंबर मागून घेतला. गल्लीतल्या दोघा टेम्पोवाल्यांनीही घेतला.

परतताना आम्ही तिघं पुढच्या सीटवर दाटीवाटीने बसलो, सासूबाई मध्ये. तिघांचे चेहरे पिवळे. सिग्नलला शेजारच्या बाईकवरचा माणूस आमच्याकडे बघतच राहिला. सासूबाईंनी काच खाली केली आणि त्याला सांगितलं, "उद्या लग्न आहे." कुणाचं, ते त्याने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. सिग्नल सुटला. बँडने वाजवलेलं गाणं त्या नेरूळपर्यंत गुणगुणत राहिल्या, शब्द सगळे चुकीचे, चाल अगदी बरोबर.