किल्ली कंपनीकडं
ताज्या शाईचा वास आला की उस्मानपुऱ्यातलं ते मोबाइलचं दुकान आठवतं. सिल्लोडकडची एक मावशी आदल्या दिवशी तिथूनच घेतलेला फोन घेऊन आली होती. त्यात तिचं जुनं कार्ड चालत नव्हतं. “मावशी, फोन लॉक आहे. याच कंपनीचं कार्ड लागतं,” दुकानदार म्हणाला. “मग किल्ली द्या की!” सगळे हसले, ती हसली नाही. “आमच्या गावात या कंपनीची रेंजच नाय. लेकीचे दिवस भरलेत, तिचा फोन कसा लागंल?” “किल्ली कंपनीकडं असती, मावशी. अन् डबा फोडलेला फोन परत घेत नाय.” तिथं पत्रकं वाटायला गेलेला मी दुकानदाराशी तावातावानं भांडलो, तो बधला नाही, आणि शेवटी ग्राहकांच्या हक्कांवरचं माझंच ताजं छापलेलं पत्रक तिच्या हाती दिलं. तिनं त्यात तो फोन नीट गुंडाळला आणि सिल्लोडची बस पकडली. पत्रकं मी अजूनही छापतो. त्या लेकीचं काय झालं, ते कुणाला विचारू?