नानांनी अंगावर घेतलेली चूक

सर्जेराव यादव, म्हणजे आपल्या सर्वांचे नाना, यांची आणि माझी पहिली भेट एस.टी.त झाली आणि त्या भेटीतच माझी चांगली जिरली. मी तेव्हा पलूस तालुक्यातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवायला नुकतीच लागले होते. लोणंदहून साताऱ्याला येताना शेजारच्या मैत्रिणीला मी मोठ्या झोकात वर्धनगडाची माहिती देत होते. गड चढायला अडीच तास लागतात, असेही सांगून टाकले. तिकिटे फाडत आलेले कंडक्टर आमच्या बाकाशी थांबले.

"बाई, तुमी चढलाय का वर्धनगड?"

"नाही अजून," मी म्हणाले.

"मग अडीच तास कुणाचं धरलं? गावातल्या बाया अर्ध्या तासात वर जाऊन देवीला हात जोडून येत्यात."

गाडीतले चारपाच जण हसले. मला राग आला. उतरताना मात्र त्यांनी तिकिटाच्या मागे स्वतःचा पत्ता लिहून दिला आणि म्हणाले, "राग मानू नगा. येत्या आयतवारी या, जाऊ आपण." मी गेले. पंचवीस मिनिटांत आम्ही वर होतो आणि मला धाप लागली होती, नानांना नाही. त्या दिवसापासून आजतागायत मी त्यांची शिष्या आहे. त्यांना हा शब्द आवडत नाही, पण आज, त्यांच्या पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथात, ते काही करू शकत नाहीत.

नानांचे शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंतचे. घरची थोडी ऊसशेती, थोरले बंधू फौजेत, आणि हे एस.टी.त. नोकरीच्या काळात सातारा आणि सांगली जिल्ह्यांतला एकही घाट किंवा फाटा त्यांच्या पायाखालून जायचा राहिला नसेल. गाडी जिथे थांबेल तिथे ते उतरायचे आणि देवळामागचा वीरगळ, बारवेची पायरी, तटाचा पडका बुरूज पाहून यायचे. चहाच्या टपरीवर बसलेल्या माणसाला "ह्ये काय हाय वो?" असे विचारायचे. उत्तर शाळकरी वहीत जायचे. अशा वह्यांची एक लोखंडी पेटी त्यांच्या घरी आहे आणि त्या पेटीवर मालनकाकी, म्हणजे नानांच्या पत्नी, बसून भाजी निवडतात. "एवढ्या कागदाचं कायतरी करा, न्हाईतर बंबात घालते," ही त्यांची धमकी मी वीस वर्षे ऐकते आहे. पेटीवर ओल येऊ नये म्हणून पावसाळ्यात घोंगडे टाकतात त्याही काकीच.

निवृत्तीनंतर नानांनी पर्यटकांना डोंगर दाखवायला सुरुवात केली. आपल्याकडे येणारा पाहुणा पाचगणीच्या टेबल लँडवर घोड्यावर बसतो, क्रीम घातलेली स्ट्रॉबेरी खातो, कासला फुलांत उभा राहून फोटो काढतो आणि घाट उतरून जातो. त्यात वाईट काही नाही. पण नाना त्यांना सांगायचे, "पॉइंट बघून झालं असलं तर आता गाव बघू." मग ते त्या मंडळींना एखाद्या शेतकऱ्याच्या बांधावर नेत, सागरेश्वरच्या देवळांपाशी तासभर गप्प बसवत, महिमानगडावरून माणदेशाचा उघडा माळ दाखवत. आणि एखाद्याने विचारलेले ठाऊक नसेल, तर खुशाल सांगत, "मला ठावं न्हाई." वाटाड्याच्या तोंडी हे वाक्य मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेले नाही. मी स्वतः तर वर्गातही ते क्वचितच म्हणते.

याच काळात आम्ही दोघांनी दोन्ही जिल्ह्यांतल्या डोंगरी ठिकाणांची मार्गदर्शिका लिहायला घेतली. माहिती नानांची, भाषा माझी. त्यासाठी नानांनी एक अट घातली होती. ज्या गावाबद्दल लिहिले, ते छापण्याआधी त्या गावात जाऊन मोठ्याने वाचून दाखवायचे. चावडी, देऊळ, दूध संकलन केंद्राची पायरी, कुठेही चालेल. वाचून झाले की विचारायचे, "कुठं चुकलं?" लोक म्हणायचे, "लय झ्याक लिवलंय." नाना उठायचे नाहीत. चहा घ्यायचे, पाऊसपाण्याचे बोलायचे आणि पुन्हा विचारायचे. मला ते म्हणाले होते, "पयल्यांदा इचारलं की माणसं लाजत्यात. दुसऱ्यांदा इचारलं की बोलत्यात."

आणि माणसे बोलायची. पाचगणीजवळच्या एका गावात स्ट्रॉबेरी खुडणाऱ्या एका बाईंनी मला भर वाचनात थांबवले. "आवं बाई, 'पाचगणीजवळ, पाचगणीजवळ' काय लावलंय? आमच्या गावाला नाव न्हाई का?" नाना एवढे खूश झाले की ती नोंद त्यांनी तिथेच बसून माझ्याकडून पुन्हा लिहून घेतली. एका गडाखालच्या गावात मी ज्याला घोड्यांची पागा म्हटले होते ती धान्याची कोठी निघाली. हे सांगणाऱ्या आजोबांच्या लहानपणी तिथे अजून कणग्यांच्या खुणा होत्या. माझे संदर्भग्रंथ त्या दिवशी पिशवीतच राहिले.

मला हे सगळे पटत होते असे नाही. खरे सांगायचे तर मला त्याचा कंटाळा यायचा. एका पानासाठी दोन गाड्या बदलून कुठल्यातरी वाडीत जायचे, तीन चहा प्यायचे आणि दोन शब्द बदलून परत यायचे, ही मला वेळेची नासाडी वाटे. हे मी नानांना कधी बोलले नाही. आज मात्र जे सांगायला बसले आहे, त्याची सुरुवात या कंटाळ्यातच आहे.

पुस्तक छपाईला जायच्या वेळी एकच वाचन उरले होते. आटपाडीकडच्या डोंगरावर खडकवस्ती म्हणून धनगरांची वस्ती आहे. तिथे कातळात खोदलेले तीन खांबांचे जुने टाके आहे. नानांनी ते पूर्वी पाहून त्याचे वर्णन वहीत केले होते. नेमके तेव्हा त्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले होते. ते म्हणाले, "बाई, तेवढी खडकवस्ती तुमी करून या." प्रकाशनाचा दिवस ठरला होता, मुद्रक घाई करत होते, ऊन मी म्हणत होते. मी गेले नाही. नानांच्या वहीवरून आणि कुणीतरी पाठवलेल्या फोटोंवरून घरी बसून नोंद पुरी केली. तिच्या शेवटी माझ्या पदरचे एक वाक्य घातले: 'भर उन्हाळ्यातही पाणी थंडगार, पर्यटकांनी डुंबण्याचा आनंद अवश्य घ्यावा.' नानांनी विचारले, "वाचलं का?" मी म्हणाले, "वाचलं. काही चूक नाही म्हणाले." नाना समाधानाने हसले. त्यांच्या डोळ्यावर पट्टी होती.

खडकवस्तीची तरणी माणसे दिवाळीनंतर मेंढरे घेऊन ओल्या मुलखात उतरतात. मागे म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया आणि थोडी शेरडे-मेंढरे राहतात. पावसाळा येईपर्यंत या सगळ्यांचे पिण्याचे पाणी म्हणजे ते टाके. हे मला कुणीही सांगितले असते, मी विचारायला गेले असते तर.

पुढच्या उन्हाळ्यात गाड्या वर चढू लागल्या. कुणीतरी मोबाइलवर चित्रफीत टाकली आणि मग तर रांगच लागली. माणसे टाक्यात उड्या मारू लागली, साबण लावू लागली, बाटल्या आणि वेफर्सच्या पिशव्या तरंगू लागल्या. वस्तीवरच्यांनी अडवले तर पाहुणे आमची मार्गदर्शिका काढून दाखवत. छापलंय की, म्हणत.

एके दिवशी सकाळी मी नानांच्या घरी असताना वस्तीवरचे म्हाळूबापू आले. पागोटे, खांद्यावर घोंगडे, हातात आमचे पुस्तक. काकींनी दिलेले पाणी त्यांनी तांब्याभर प्यायले आणि तांब्याकडे बघत राहिले.

"नाना, मेंढरं त्या पाण्याला तोंड लावंनात," ते म्हणाले. "बाया दोन मैल खाली जात्यात हांड्यासाठी. तुमी सगळ्या गावांत जाऊन वाचून दावता म्हनं. आमच्यात का आला न्हाई? आला असता तर आमी सांगितलं असतं."

नानांनी माझ्याकडे पाहिले. एकदाच. मला जमिनीवरची फरशी दिसत होती, बाकी काही दिसत नव्हते. मी तोंड उघडायच्या आत नाना बोलले.

"चुकलं, बापू. डोळ्याचं दुखनं हुतं. मी आलो न्हाई. ते वाक्य मीच घातलं. माझी चूक हाय."

मी गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशी नाना खडकवस्तीवर गेले आणि मला बरोबर नेले. वस्तीवरच्या सगळ्यांना बसवून त्यांनी ती चुकलेली नोंद मोठ्याने वाचली आणि हात जोडून विचारले, "कुठं कुठं चुकलं?" बायांनी एकेक करून सांगितले. मग सगळ्यांनी मिळून टाके उपसायला घेतले. सत्तरीच्या आसपासचा तो माणूस चार दिवस गुडघाभर गाळात उभा राहून घमेली वर देत होता. मीही देत होते, पण माझ्या घमेल्याचे कुणी कौतुक करावे असे ते काम नव्हते. त्यानंतर नानांनी सातारा, कराड, सांगलीची दुकाने पालथी घातली, शिल्लक प्रती परत आणल्या आणि ते पान स्वतः कापून काढले. पुढच्या आवृत्तीत खडकवस्तीची नोंद आहे. तिच्यात टाक्याचा इतिहास आहे, आणि हे पिण्याचे पाणी आहे, लांबून पाहावे, एवढेच सांगितले आहे. ते वाक्य वस्तीने सांगितलेले आहे.

पण बोभाटा झालाच. 'पुस्तकी वाटाड्याने गावाचे पाणी नासवले' असे एका स्थानिक वृत्तपत्राने छापले. एका मंडळाने नानांचा ठरलेला सत्कार न कळवताच रद्द केला. अजूनही एखाद्या कार्यक्रमात नानांचे नाव निघाले की कुणीतरी हळूच म्हणतो, "तेच ना, टाक्यावाले?" नाना तिथे असले तर हसतात. मी तिथे असले तर चहाचा कप शोधते.

नाना मला त्याबद्दल कधीही एक शब्द बोलले नाहीत. खडकवस्तीवरून उतरताना मी रडायला लागले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "बाई, हितनं फुडं प्रत्येक गावाला तुमीच वाचा. मी मागं बसतो." मी त्यांच्या जागी असते तर अशा शिष्येला पुन्हा दारात उभे केले नसते. नानांनी मला पुढच्या गावांची अख्खी वही दिली. त्यानंतरच्या वर्षी माझे वडील सांगलीत दवाखान्यात होते, तेव्हा काकींचा भाकरीचा डबा रोज सकाळच्या गाडीने, नानांच्या जुन्या सोबत्यांच्या हातून येत असे. वडील घरी येईपर्यंत एक दिवस खाडा झाला नाही. मी काकींना म्हणाले, एवढे कशाला? तर त्या म्हणाल्या, "आगं, तू काय परकी हायेस व्हय?" ती भाकरी मला गिळवेना.

म्हणून या गौरवग्रंथात, नानांना मानणाऱ्या सर्वांसमोर, मी हे नोंदवते आहे: खडकवस्तीला मी गेले नव्हते. ते वाक्य माझे होते. वाचून आले, हे मी खोटे सांगितले होते. नानांनी आपल्या आयुष्यात गावात न वाचता छापलेले एकही पान नाही.

हे छापून येण्याआधी ज्यांचे पाणी नासले त्यांना तोंडाने सांगावे, म्हणून गेल्या महिन्यात मी एकटी खडकवस्तीवर गेले. म्हाळूबापू आता फारसे हिंडत नाहीत. मी सगळे सांगितले आणि मान खाली घालून उभी राहिले. बापूंनी घोंगडे झटकून मला बसायला जागा केली.

"बस बाई," ते म्हणाले. "आमाला तवाच कळलं हुतं. नानांना खोटं बोलायला येतच न्हाई. तोंड बघितलं की कळतंय."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"एवढ्या मोठ्या मानसानं दुसऱ्याची चूक अंगावर घेतली, त्येला चारचौघांत खोटं कसं पाडायचं? आमी म्हनलं, येईल ती कवातरी. नाना मात्र दरसाल इचारत्यात, 'बाई आल्या हुत्या का?'"

नानांनी पंच्याहत्तर वर्षे पुरी केली. त्यांचे गुडघे कुरकुर करतात, पण डोंगर अजून त्यांचे ऐकतात. त्यांना उदंड आयुष्य आणि चालते पाय लाभोत, काकींची बंबाची धमकी पुढची कितीतरी वर्षे त्यांच्या कानी पडत राहो, ही मनापासून प्रार्थना. आणि नाना, यंदा तुम्ही खडकवस्तीवर जाल, तेव्हा तुमच्या प्रश्नाला बापू "व्हय" म्हणतील. यायला फार उशीर केला. माझ्यासाठी पुन्हा कधी तुमच्यावर खोटे बोलायची वेळ येऊ देणार नाही.