कापसाचा बोळा

सिस्टरांच्या त्या घरात बरं व्हायला कुणी येत नाही. दवाखान्यांनी हात टेकले की माणूस तिथं येतो. मठाच्या सिस्टर ते घर चालवतात. आलेल्याला त्या देव विचारत नाहीत, धर्म विचारत नाहीत. दुखतंय का, एवढंच विचारतात.

तिथं मावशी कामाला आहे. अंग पुसायचं, चादरी बदलायच्या, पडून राहिलेल्यांची कूस वळवायची. उभा जन्म दुसऱ्याचं अंग उचलण्यात गेला, आता स्वतःचं उचलवत नाही. संध्याकाळी घरी पोचली की पायरीवर टेकते, आणि चपला काढायला वाकावं लागेल म्हणून बराच वेळ तशीच बसून राहते.

त्या थंडीत खिडकीजवळच्या खाटेवर तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा आला. रंगारी होता. आयुष्यभर लोकांच्या भिंती उजळल्या आणि शेवटी घशात गाठ झाली. आवाज गेला, कुजबुज उरली. थट्टा मात्र होती तशीच होती. पहिल्याच दिवशी छताकडे बोट दाखवून तो मावशीला म्हणाला, "ताई, हे ज्यानं रंगवलंय ना, त्याला झोपवा या खाटेवर."

थोरल्या सिस्टरांनी मावशीच्या धाकट्या बहिणीला समोर बसवून सगळं सांगितलं होतं. घास आता पोटाऐवजी छातीत उतरेल, आणि भूक तर त्याला राहिलेलीच नाही. धाकटीनं मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी डबा घेऊन हजर झाली. दुधात कालवलेला मऊ भात, त्यावर साखर.

असे कितीतरी डबे मावशीनं कितीजणींच्या हातून अलगद काढून घेतले होते. परक्या बाईला सांगायचे शब्द तिच्या जिभेवर घासून गुळगुळीत झाले होते. सख्ख्या बहिणीपुढे मात्र त्यातला एकही बाहेर पडेना. मग रोज नवी सबब. आत्ताच डोळा लागलाय, नुकतंच औषध दिलंय, डॉक्टर येऊन जाऊ देत. धाकटी झाकण लावायची आणि डबा तसाच परत न्यायची.

एके दुपारी तिचा धीर सुटला. "तुझं काय जातंय, ताई? माझा माणूस उपाशी मरतोय आणि तू मला वेळा सांगतेस."

मावशीनं सकाळपासून अख्ख्या खोलीच्या कुशी वळवल्या होत्या. भांडायला अंगात जीव नव्हता. एकच घास दे, असं ती म्हणाली आणि मळक्या चादरींचा गठ्ठा उचलून तिनं पाठ फिरवली.

ठसका ऐकला तशी ती गठ्ठा टाकून धावली. रंगारी निळा पडत चालला होता. तिनं त्याला कुशीवर घेतलं, सिस्टरांनी नळी घालून घसा मोकळा केला. जीव वाचला, पण संध्याकाळी ताप चढला. थोरल्या सिस्टर रागावल्या नाहीत. हात धुताधुता म्हणाल्या, दमलेल्या माणसानं हाक मारायची असते. त्यापेक्षा त्या रागावल्या असत्या तर मावशीला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी धाकटी रिकाम्या हातानं आली आणि दारातच थांबली. खाटेजवळ जाईना. माझा हात लागला की त्यांना त्रास होतो, म्हणाली.

मावशी तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. "तो उपाशी नाहीये गं. शरीर निघालंय, म्हणून भूक आधी निघून गेली. हे मी तुला पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. माझी जीभ उचलली नाही."

धाकटी भिंतीला टेकून पुष्कळ रडली. ती थांबल्यावर मावशीनं विचारलं, चहा कसा घेतो तो? साखर भरपूर, धाकटी म्हणाली.

मावशी स्वयंपाकघरातून तसाच चहा करून घेऊन आली. निवू दिला. मग बोटाएवढा कापसाचा बोळा चिमट्यात धरून चहात बुडवला आणि वाटीच्या काठावर असा पिळला की थेंब गळू नये. आधी गालाच्या आतून, मग जिभेवरून, शेवटी ओठ. एकदा स्वतः करून दाखवलं आणि चिमटा धाकटीच्या हातात दिला.

धाकटीनं बोळा पुन्हा बुडवून पिळला. बोळा ओठांवरून फिरला तसे रंगाऱ्यानं डोळे उघडले. जीभ हळूच बाहेर आली, चव घेऊन आत गेली.

"अजून एक हात मार," तो कुजबुजला.

त्यानंतर धाकटीनं चिमटा दुसऱ्या कुणाला धरू दिला नाही. काही दिवसांनी भर दुपारी तो गेला, तेव्हा त्याचे ओठ ओले होते.

तेरावा-चौदावा दिवस असेल, घरचे पाहुणे पांगल्यावर धाकटी पुन्हा सिस्टरांच्या घराशी आली. मावशी मागच्या अंगणात, वाळत घातलेल्या चादरींच्या सावलीत बादली पालथी घालून बसली होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं. दमणूक अशी की घास चावायचाही कंटाळा यावा. धाकटीनं तिच्यापुढे तोच डबा उघडला.

"भूक नाही गं मला," मावशी म्हणाली.

"तू मरत नाहीयेस ना? मग जेव."

मावशीनं बहिणीकडे पाहिलं आणि पहिला घास घेतला. धाकटी समोर उकिडवी बसून तो गळ्याखाली उतरेपर्यंत बघत राहिली. मग दुसरा उतरेपर्यंत.